टाकीखालची खोली, बंद दिवे आणि पुड्या: तक्रार द्यायची कुणाकडं, आणि आपलं नाव बाहेर न पडता कशी?

टाकीसमोरची गिरणी

राम राम मंडळी. कोल्हापुरात कळंबा रस्त्याच्या आतल्या एका वसाहतीत राहतो. वसाहतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं वाचलं की कळंल. आमची पिठाची गिरणी हाय आणि तिला लागूनच चटणीचा डंक, म्हंजे मिरची कांडायचं यंत्र. गिरणीच्या दारातनं समोर पाण्याची उंच टाकी दिसती. नवी टाकी पलीकडं बांधली, हिचा पाईप तोडला, आणि खालची पंपाची खोली तशीच उघडी टाकून सगळे निघून गेले. दार गेलं, खिडकीचे गज गेले. मोटरीचं सिमेंटचं बूड तेवढं राहिलंय, कारण ते कुणाला उपसलं नाही.

पत्ते, मग देशीच्या बाटल्या, हे चालायचंच. गेल्या पावसाळ्यापास्नं रंग बदलला. अंधार पडला की गाड्या येत्यात, इंजिन बंदबी करत नाहीत. मागं बसलेलं पोरगं उतरतं, आत जातं, लगेच बाहेर. काही मात्र आत बसून राहत्यात. गांजा वासानंच कळतो, डंकावर मिरची चालू असली तरी कळतो. पण आतलं दुसरं प्रकरण मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी शेजारणीचा नातू शेळी हुडकत आत शिरला आणि हातात काचंची बारकी बाटली घेऊन आला. औषधाची, रबरी बुचाची, लेबल नखानं खरवडलेलं. मी ती काढून घेतली आणि बॅटरी घेऊन स्वतः आत गेलो.

मोटरीच्या बुडावर सिरिंजा मांडून ठेवल्या होत्या. फेकलेल्या नव्हं, मांडलेल्या. टोपणं लावून, एका रांगंत. म्हंजे परत वापरायच्या. कोपऱ्यात जळका चांदीचा कागद, गोगोची म्हंजे गांजा गुंडाळायच्या कागदाची पाकिटं, पंक्चरच्या सोल्युशनच्या पिळून चेपलेल्या ट्यूबा, आणि खिळ्याला अडकवलेला एक शाळेचा टाय. टायवरनं शाळा ओळखता येत होती.

खोलीसमोरच्या गल्लीत पाच खांब हायत. एकावरबी दिवा नाही. पूर्वी माणूस यायचा, दिवा लावून जायचा, चार दिवसांत कुणीतरी दगडानं फोडायचं. आता माणूसच येत नाही. पाणीवाल्यांना विचारलं तर म्हणत्यात टाकी आमच्याकडं राहिली नाही. इस्टेटवाले म्हणत्यात टाकी पाण्याकडंच. दिव्याचा ठेकेदार म्हणतो, खांबाला नंबर नाही, त्याबिगर तक्रार संगणकावर चढत नाही. मधली पाच वर्षं प्रशासक होता, तवा सगळे म्हणायचे नगरसेवकच नाहीत तर कुणाला सांगणार. आता जानेवारीत निवडणूक झाली आणि एका प्रभागात चार-चार जण निवडून आले. चौघांच्या कानावर घातलं. प्रत्येकाला वाटतंय बाकीचे तिघं बघतील.

पोलिसांकडं गेलो. ठाणं कुठलं ते सांगत नाही. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, नाव-पत्ता, फोन नंबर घालून लेखी द्या. दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या पायरीवर एकजण बसलेला. हसून म्हणाला, "आमचं काय चुकलं व्हय? आमालाच सांगायचं की थेट." एवढंच. शिवी नाही, दमदाटी नाही. उठला, पँट झाडली, गेला. त्याला मी चड्डीत असल्यापास्नं बघतोय. त्याच्या आजीचं दळण आमच्याकडंच येतं.

आता जे मला जास्त खातंय ते. आमच्याकडं पोती उचलायला एक पोरगा येतो, सतरा वर्षांचा. पूर्वी तालमीत जायचा, पहाटं सपाट्या मारून मग कामावर. आता तालीम सुटली, जिम धरली. दंड फुगलेत, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही म्हणतो. कोपराच्या आतल्या बाजूला टोचल्याचे ठिपके. पन्नास किलोचं पोतं एकटा खांद्यावर घेतो आणि खाली टाकलं की भिंतीला टेकून छाती धरतो. बाप नाही, आई चार घरची धुणीभांडी करती. एकदा त्याच्या खिशातनं नोटा पडल्या, मी देतो त्या पगारात तेवढ्या बसत नाहीत. पुड्या पोचवायला त्याला धरलंय असा माझा संशय.

तर विचारायचं हाय ते हे. एक, खबर कुठं द्यायची जिथनं ती फुटणार नाही? दोन, धाड पडली तर पहिला हाच सापडणार, कारण पळायला त्याच्याकडं गाडी नाही. मग त्याचं काय होतं? तीन, ती टाकी कुणाची हे कागदावर कसं काढायचं? 'समाज बिघडलाय, मोबाईलनं पोरं वाया गेली' असलं कृपा करून लिहू नका. तेवढं मलाबी येतं.

पेठेतला पैलवान

दादा, कागदं कसली रंगवताय? मंडळाची पंधरा-वीस पोरं घ्या, एका रात्री आत शिरा, जाळ अन् धूर संगटच. आमच्या पेठंत असलं काय टिकत नाही. पोलिसाच्या नादाला लागला तर म्हातारं होईपर्यंत ठाण्याच्या बाकड्यावर बसाल. हाक मारा, आम्ही येतो.

निवृत्त खाकी

पैलवान, तुमची तळमळ समजते, पण असं काही करू नका. आत शिरून चार जणांना बडवलंत तर पहिला गुन्हा तुमच्यावर लागेल आणि विकणारा फिर्यादी होऊन बसेल. शिवाय तुमच्या हातून मालाची हलवाहलव झाली की पुढचा खटला तिथंच संपला. अंमली पदार्थांच्या केसेस बहुतेक वेळा पुराव्याअभावी नाही, पद्धत चुकल्यामुळं सुटतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात अंगझडती घेण्यापूर्वी समोरच्याला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या असं मागण्याचा तुला हक्क आहे. कलम ५०. हे एक वाक्य पंचनाम्यात नसल्यामुळं सुटलेले लोक मी पाहिले आहेत.

आता गिरणीवाल्यांसाठी. तुम्हाला लेखी फिर्याद द्यायची गरजच नव्हती. या कायद्याखाली फिर्यादी बहुतेक वेळा छापा घालणारा पोलीसच असतो. तुम्ही फक्त खबर देता. ती कुणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर कोर्टातसुद्धा करता येत नाही, कलम ६८ त्यासाठीच आहे. त्यामुळं कुणी 'नाव-पत्ता घालून लेखी द्या' म्हटलं तर शांतपणे म्हणा, मी खबर देतोय, फिर्याद नाही.

कुठं द्यायची? त्याच ठाण्यात परत नको. कोल्हापूरला आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षक सर्वांत वर. त्यांच्या हाताखालची स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, ही कामं करते. तिथं समक्ष जा, साध्या वेळी, एकटे. नाहीतर १९३३ हा क्रमांक लावा. 'मानस' नावाची केंद्राची हेल्पलाईन आहे, जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, नाव न सांगता माहिती देता येते. ११२ चा उपयोग डोळ्यांसमोर काही घडत असताना. पण ११२ वर फोन केलात की गाडीवरचे लोक पत्ता विचारायला तुम्हालाच उलट फोन लावतात आणि गल्लीत येऊन 'फोन कुणी केला होता?' असं विचारणारे महाभागही असतात. सांभाळून.

काय सांगायचं हेही महत्त्वाचं. 'पोरं नशा करतात' ही खबर नव्हे. गाडीचा नंबर, येण्याची वेळ, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे उरलेला माल कुठं ठेवतात. कारण असं आहे: गांजा एक किलोपर्यंत 'अल्प' धरतात, त्याला जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की व्यावसायिक, मग किमान दहा वर्षं, वीसपर्यंत. मधल्या वजनाला दहापर्यंत. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं, गणित याहून बारीक, दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. विकणाऱ्यांना ही वजनं आमच्यापेक्षा पाठ असतात. तो अंगावर चार पुड्या ठेवतो, बाकी पत्र्यावर, गाडीच्या डिकीत, एखाद्या म्हातारीच्या माळ्यावर. चार पुड्यांवर धरला तर लवकरच जामिनावर बाहेर, आणि मग लोक म्हणतात पोलिसांनी पैसे खाल्ले. कधी खाल्लेलेही असतात, मी नाही म्हणत नाही. ठाण्यातून खबर फुटते हे मी आत राहून बघितलंय.

मुलाबद्दल. अठरा पूर्ण नसेल तर तो बाल न्याय मंडळापुढं जातो, तुरुंगात नाही. उलट त्याच्याकडून पुड्या पोचवून घेणाऱ्यावर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७८ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम लावायला लावा, तपास अधिकारी विसरतात. आणि नशा करणारा स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि अल्प मालाच्या केसमध्ये कलम ६४-अ चं संरक्षण मिळतं. म्हणून उपचार आधी सुरू झालेले बरे. त्याचा जन्मदाखला कुठं आहे तेवढं आईकडून बघून ठेवा, ऐनवेळी वयावरूनच वाद होतो.

मोबाईलवर चित्रण करायला जाऊ नका. अंधारात पडद्याचा उजेड तुमच्याच तोंडावर पडतो.

औषधवाली

मी फार्मासिस्ट आहे, दुकान स्वतःचं आहे. रबरी बूच, लेबल खरवडलेलं, जिमला जाणारा पोरगा, झोप नाही, छातीत धडधड. हे बहुतेक मेफेनटरमाइन असावं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. जिममध्ये 'दम टिकतो, थकवा येत नाही' म्हणून टोचून घेतात. दम टिकत नाही, शरीराला थकल्याचं कळत नाही एवढंच. रक्तदाब चढतो, ठोके वाढतात, झोप उडते. पोतं टाकून छाती धरतो म्हणालात, ते कुस्तीतलं दुखणं समजून सोडू नका. त्याचा ईसीजी काढून घ्या, आणि डॉक्टरांना काय टोचतो ते खरं सांगा, नाहीतर ते ॲसिडिटीची गोळी देऊन पाठवतील.

हे शेड्यूल एच मधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. इथं गांजाच्या कायद्यापेक्षा औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० कामाला येतो, त्यामुळं पोलिसांबरोबर अन्न व औषध प्रशासनालाही कळवा. बाटलीवर बॅच नंबर असतो. लेबल खरवडलं तरी कधी कधी त्याचा छापा उरतो, तेवढा फोटो उपयोगी. बॅचवरून घाऊक विक्रेत्यापर्यंत मागोवा निघतो. आमच्याच व्यवसायातले काही हे बिलाशिवाय सोडतात, काहीजण ऑनलाईनही मागवतात. लाज वाटते, पण आहे ते आहे.

सुया हातानं उचलू नका, झाडूनं गोळाही करू नका. फिनेलचा जाड प्लास्टिकचा रिकामा कॅन घ्या, लांब चिमट्यानं एकेक उचलून आत टाका, टोपण पुन्हा बसवायला जाऊ नका, बहुतेक जण तिथंच टोचून घेतात. कॅन भरला की आरोग्य विभागाच्या माणसाकडं द्या, कचऱ्याच्या गाडीत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सुयांसाठी पांढरा अर्धपारदर्शक डबा ठरवून दिलाय.

आणि तो शेळी हुडकणारा नातू! त्याला कुठं टोचलं का नीट विचारलंत? उद्या कुणालाही टोचलं तर जागा वाहत्या पाण्यात साबणानं धुवायची आणि थेट सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जायचं. एचआयव्ही रोखण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. कावीळ ब ची लसही विचारायची. एकच सुई चौघांत फिरत असेल तर तुमच्या पोराची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, तिन्ही तपासण्या करून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

कागदी घोडा

टाकीचं मी सांगतो. आयुष्य टेबलामागं गेलं.

माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत. 'कारवाई का केली नाही?' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: सदर टाकी व पंपगृह कोणत्या खात्याच्या मालमत्ता नोंदवहीत आहे त्या पानाची प्रत, टाकी वापरातून बंद केल्याचा आदेश, आणि खांबांच्या देखभालीची ठेकेदाराची कार्यादेश प्रत. नोंदवहीचं पान हातात आलं की टोलवाटोलवी बंद.

पण अर्जावर नाव लागतं! तेव्हा तुमच्या नावानं नको. अर्ज भारताचा कुठलाही नागरिक करू शकतो, तिथलाच रहिवासी असावा लागत नाही. मी कसबा बावड्यात राहतो, मला त्या पायरीवर बसायला कोण येणार? मजकूर व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी माझ्या नावानं टाकतो.

चार नगरसेवकांचं औषध सोपं आहे. चौघांना वेगवेगळं सांगू नका. एकच अर्ज करा, वर चौघांची नावं एकाखाली एक, आणि पोच चौघांकडून त्याच कागदावर घ्या. जो तिसरा सही करतो तो आधीच्या दोन सह्या बघतो. पुढचं आपोआप होतं.

खांबाला नंबर नसेल तर अलीकडच्या नंबर असलेल्या खांबापासून मोजून लिहायचं, 'अमुक खांबापासून दक्षिणेस तिसरा'. त्यावर तक्रार घ्यावी लागते. एवढ्यानं हललं नाही तर लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी. त्यानंही नाही हललं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, सार्वजनिक उपद्रव दूर करायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देतात. जुन्या संहितेत हेच १३३ होतं.

रात्रपाळी

गोकुळ शिरगावला कंपनीत आहे. माझा थोरला यातनं गेलाय, म्हणून लिहितोय.

पोराला 'नशा सोड' म्हणू नका. त्याला सोडायचीच नसते, आणि तुम्हाला कळलंय हे समजलं की तो गिरणीवर यायचा बंद होईल. मग दिवसातले जे चार तास तो तुमच्या नजरेसमोर असतो तेही गेले. त्याला झोपंबद्दल बोला. छातीबद्दल बोला. माझा पोरगा डॉक्टरकडं नशेसाठी नाही गेला, झोप येत नाही म्हणून गेला. तिथून पुढं सगळं निघालं.

आईला सांगा, पण गल्लीत उभं राहून नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून कुठल्याही खासगी केंद्रात टाकू नका. हायवेच्या बाजूला एक होतं, नाव लिहीत नाही. रात्री चौघं गाडी घेऊन आले, पोराला झोपेतून उचलून नेलं, आम्हीच पैसे भरले होते. भेटू देत नव्हते. शेवटी भेटलो तर पाठीवर वळ. डॉक्टर कोण विचारलं तर एक जुना बरा झालेला पेशंट पुढं आला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं अशा ठिकाणाला नोंदणी लागते, ती भिंतीवर लावलेली बघा, नसेल तर दारातूनच परत या.

सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन. आम्ही पुढं पुण्याला मुक्तांगणला गेलो, १९८६ पासूनची संस्था आहे. तिथं आमच्या घरच्यांनाही बसवून बोलायला लावलं. मला राग आला होता त्याचा. व्यसन पोराचं आणि प्रश्न मला कसले विचारताय, असं.

दोन वेळा घसरला. सध्या ठीक आहे. सध्या एवढंच म्हणतो.

नुसतं बघतो

एवढा खटाटोप करून होणार काय? खोली बंद केली की नाल्याकडं जातील. तिथनं हाकललं की खाणीकडं. आमच्याकडं हेच झालं.

टाकीसमोरची गिरणी

मधे चटणीचा हंगाम होता, मान वर करायला वेळ नव्हता. आता सांगतो काय झालं ते.

आधी एक. पैलवान, मी दादा नव्हं, बाई हाय. गेलो-आलो आमच्याकडं बायकाबी म्हणत्यात, तुम्ही पेठंतले असून तुम्हाला कळू नये?

बावड्याच्या भाऊंनी अर्ज टाकला, त्यांचे उपकार. उत्तरात पान आलं: टाकी पाणी खात्याच्याच नोंदवहीत, शेरा 'निर्लेखन प्रलंबित', म्हंजे वहीतनं काढून टाकायचं बाकी. ते पान जोडून चौघांच्या नावानं अर्ज केला, बचत गटाच्या आम्ही अकरा बायकांनी मिळून, म्हंजे एकटीचं नाव नको. पोच घेताना तिसऱ्यानं सही करायला पेन उघडलं, वरच्या दोन सह्या वाचल्या, आणि तिथंच उभ्या उभ्या कुणालातरी फोन लावला. पुढच्या आठवड्यात चौघंबी एकाच संध्याकाळी आले, आपापला फोटोवाला घेऊन. पवडीची, म्हंजे महापालिकेची, माणसं आली, आतला कचरा काढला. सुया उचलायला ती उघड्या हातानंच निघाली होती. आम्ही फिनेलचे कॅन आणि चिमटे आधीच आणून ठेवले होते. मुकादम म्हणाला, वहिनी, हे आम्हाला कुणी दिलंच नाही कधी. मग दार आणि खिडकी विटांनी बांधून काढली.

दिवे पाचातले तीन लागले. चौथा लावला त्याच रात्री फुटला. गिरणीवर मी माझा फोकस लावलाय, बिल माझं. पाचव्या खांबाला वायरच नाही म्हणे.

एलसीबीला मी नाही गेलो, माझे भाऊ गेले, ते गारगोटीला असत्यात. गाडीचा नंबर आणि माल कुठं असतो ते सांगून आले. ते मला डंकावर बसल्या बसल्या दिसलं होतं, ते इथं लिहीत नाही. साध्या कपड्यांतली माणसं आली, चौघांना घेऊन गेली. पायरीवर बसला होता तो त्यात होता. त्याच्या आजीनं आमच्याकडं दळण टाकायचं बंद केलं. ऐंशीची म्हातारी डब्बा घेऊन दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या गिरणीला जाती. माझं नाव कुठंबी आलेलं नाही. तिला कुणी सांगायची गरजच नव्हती.

टाय घेऊन मी शाळेत गेलो. बाईंनी हातातबी घेतला नाही, म्हणाल्या टाय काय कुणाचाबी असू शकतो. २६ जूनला शाहू जयंती, आणि त्याच दिवशी जगाचा नशाविरोधी दिवस असतो हे मला त्या शाळेच्या प्रभातफेरीवरनं कळलं. घोषणा देत पोरं मोठ्या रस्त्यानं गेली. आमच्या गल्लीत वळली नाहीत. पण दोन दिवसांनी त्याच शाळेतले एक सर ज्वारी घेऊन आले, पाच किलो, आणि दळण होईपर्यंत उभं राहून हळूच सगळं विचारून घेतलं. आता ते दर आठवड्याला येत्यात. एवढी ज्वारी त्यांच्या घरात कोण खातंय देव जाणे.

पोराचं. रात्रपाळीवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच केलं. छातीचं कारण काढून ईसीजीला नेला, रांगेत मी आणि त्याची आई दोघी. ठोके जास्त, बाकी पट्टी बरी निघाली. सुयांच्या तपासण्या केल्या, दोन चांगल्या आल्या, कावीळ क ची पुन्हा करायला सांगितलीय. मानसोपचारवाल्या डॉक्टर मॅडमकडं एकदा आला, पुढच्या तारखेला आला नाही, त्याच्या पुढच्या तारखेला स्वतःच निघाला. धाड पडली त्या दिवशी तो आमच्याच डंकावर होता. हा योगायोग नव्हता, एवढंच लिहितो. पोती आता दोघांत मिळून उचलायची असं ठरवलंय. जिम सुटली नाही. माल कुणाकडनं यायचा ते त्यानं अजून सांगितलेलं नाही आणि मीबी विचारलेलं नाही.

'नुसतं बघतो' यांचं खरं हाय. आता चार-पाच गाड्या नाल्याच्या पुलाखाली थांबत्यात. पण तिथं बसायला छप्पर नाही, पावसात कुणी टिकत नाही, आणि शाळेच्या वाटंवर ती जागा नाही. मला एवढा फरक पुरतो.

आता विचारायचं ते निर्लेखनाचं. टाकी पाडायचा ठराव कोण करतं? विटांच्या भिंतीला एका कोपऱ्यात भोक पाडायला कुणीतरी सुरुवात केलीय.

कागदी घोडा

निर्लेखन म्हणजे खात्यानं प्रस्ताव द्यायचा, अभियंत्याचा 'वापरास अयोग्य' असा दाखला जोडायचा, वर मंजुरी, मग पाडकामाची निविदा. लोखंड निघत असेल तर ठेकेदार उलटे पैसे भरायला तयार होतात, त्यामुळं 'निधी नाही' हे कारण ऐकून घेऊ नका. दाखला झालाय का ते विचारणारा अर्ज सोमवारी टाकतो. भोकाचा फोटो दिवसाउजेडी काढून ठेवा, तारखेसकट.

पेठेतला पैलवान

वहिनी, चुकलं, माफी. पाडकामाला पोरं लागली तर फुकट येतो. हे तरी चालंल ना साहेब?

निवृत्त खाकी

निविदा निघाली की चालेल. पुलाखालच्या गाड्यांचे नंबर मात्र इथं टाकू नका, ताई, भावाच्या हातूनच पाठवा. आणि धाडीच्या दिवशी मुलगा कुठं होता ते वाक्य वरून काढून टाका, आजच.